तिसरा हात

१

दुपारची जेवणं उरकली की सासूबाई ओट्यावर पदर डोक्याखाली घेऊन आडव्या व्हायच्या आणि मी कारखान्यात जायची. कारखाना हा शब्द माझ्या नवऱ्याचा. खरं म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या, एक लांब टेबल आणि टर्पेंटाइनचा वास. पण तिथं खरोखरच साखर कारखाने तयार होत. टेबलावर मावतील एवढे. कोपरगावच्या चहूबाजूंना ऊस, उसामागं चेअरमन, आणि प्रत्येक चेअरमनला आपला कारखाना काचेच्या पेटीत घालून पाहुण्यांना दाखवायची हौस. चिमणी वीतभर, उसाच्या गाड्या काडेपेटीएवढ्या. त्या साली दुष्काळानं बाहेरचा ऊस उभा वाळत होता. पेटीतला मात्र हिरवागार.

लाकूडकाम यांचं, रंग माझा. लग्नाला महिना व्हायच्या आत यांनी मला सगळं शिकवलं. आधी खडू आणि जवसाच्या तेलाची लांबी भरून लाकडाची छिद्रं बुजवायची. ती वाळली की पॉलिश पेपरनं घासायचं, इतकं की डोळे मिटून बोट फिरवलं तर कागद आहे की लाकूड ते कळू नये. मग अस्तर. मग रंगाचा पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात. मधे वाळायला वेळ द्यायचा.

"रंगाला घाई चालत नाही, मनकर्णा," हे म्हणायचे. हे कधी आवाज चढवत नसत. अशा माणसावर चिडायलाही काही कारण सापडत नाही, आणि मग राग आतच साठत राहतो.

मनकर्णा म्हणजे मी. माहेरची मी द्वारका, राहात्याची, अकरावी पास. लग्नात तांदळाच्या ताटात नवरदेव अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. ते काय असावं हे मला कुणी विचारलं नाही, पण ते कुणालाच विचारत नाहीत. त्याचा राग धरायचा तर सगळ्या मुलखाचा धरावा लागेल. लक्षात राहिलं ते वेगळंच. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नवरदेवानं दोनदा तांदूळ सपाट करून पुन्हा लिहिलं होतं. माझ्या नवऱ्यानं ताटाकडे न बघता लिहिलं. सही करावी तसं.

बिजवर आहे एवढं आम्हाला सांगितलं होतं. पहिली तापात गेली, मूलबाळ नाही, हातात कला आहे. वडील म्हणाले, दुष्काळात एवढं पुरे.

२

आतल्या खोलीत फळीवर एक घर होतं. विकायचं नव्हतं, गिऱ्हाइकाला हाताची सफाई दाखवायला ठेवलेलं. आमचंच घर. ओटा, कारखान्याच्या दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, न्हाणी, दोरीवर वाळत घातलेलं धोतर. कौलं नखाएवढी आणि प्रत्येक वेगळी. दाराची कडी टाचणीची, ती लागायचीसुद्धा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हे आवडले, खरंच आवडले. एवढं बारीक बघणारा माणूस माझ्याकडेही तसंच बघेल असं वाटलं.

स्वयंपाकघराच्या दारात एक बाई उभी होती. करंगळीएवढी. जांभळ्या लुगड्यातली.

मी लग्नाच्या जांभळ्या लुगड्यात होते. सासूबाईंनी सकाळी हातात दिलेलं. मी बोट लावलं तर बोटाला जांभळा रंग आला.

"हात लावू नगं," सासूबाई मागून म्हणाल्या. "वलं हाय आजून."

"ही कोण?"

"घरातली बाई. नवी सून आली की तिला नवा हात द्यायचा. आमच्यात रीत हाय."

रीत म्हटल्यावर नव्या नवरीनं गप्प बसायचं असतं. मी बसले. पण पुढं रोज तिथं झाडायला जायचे आणि रोज एकच गोष्ट खटकायची. त्या घरात सगळं रेखीव होतं. धोतराला चुण्या होत्या, माठाला कड होती. बाईच तेवढी जाड. निऱ्या भरून गेलेल्या, हाताची बोटं एकमेकांना चिकटून नुसता पंजा झालेला, नाक होतं तिथं उंचवटा. कोरताना ती रेखीव असणार. हे जाड काही कोरत नाहीत. मी तोवर रंगकाम शिकले होते. तो जाडपणा दोन-तीन हातांचा नव्हता. हातांवर हात चढत गेले की वस्तूची कोर जाते.

सून म्हणून एकदा सासूबाई आल्या असतील, मग यांची पहिली, मग मी. एवढा रंग कुणासाठी लागला?

स्वतःला समजावलं की दिवाळी-दसऱ्याला देत असतील. देव्हाऱ्याला नाही का रंग देत?

३

फाल्गुनात माझ्या हातून एक चूक झाली. श्रीरामपूरकडच्या एका चेअरमनचा कारखाना टेबलावर होता. चिमणीला मी काळ्या तेलरंगाचा हात दिला होता, पण तिला चकाकी येईना. शेजारी ड्यूकोचा डबा होता, मोटारींना मारतात तो. मी विचार केला, मोटार चकाकते तर चिमणीही चकाकेल, आणि ब्रश फिरवला.

चिमणी माझ्यासमोर म्हातारी झाली. दुधावरची साय आक्रसावी तसा काळा रंग सुरकुतला, फुगला, लाकूड सोडून उठला.

हे दोन ढांगांत आले. चिडतील असं वाटलं होतं. चिमणीकडे यांनी बघितलंसुद्धा नाही. आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, मग डबा उचलून झाकण ठोकून बसवलं.

"तेलरंगावर ड्यूको कधी मारायचा नाही," हे म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, ओठ मात्र पांढरे. "ड्यूको खाली चालतो, वर नाही. वर मारला की तो खालच्याला खातो. एकच थर खाऊन थांबेल असं नाही. खाली जेवढं आहे तेवढं सगळं सुटतं."

"चुकलं. पुन्हा घासून देते."

"घासून सगळं परत येत नाही, मनकर्णा."

त्याच दिवशी हात धुताना मला दिसलं, की डाव्या अंगठ्यावरची खूण गेली आहे. लहानपणी विळीवर कापलेलं, चांगली पेरभर पांढरी रेघ होती. आता नव्हती. तिथं कातडी गुळगुळीत होती, जरा फुगीर. तळहाताच्या रेषाही पुसट. टर्पेंटाइननं होतं असं, मी म्हटलं. पण टर्पेंटाइननं कातडी फाटते. भरून येत नाही.

पलीकडच्या मुबारकबी टँकरच्या रांगेत माझ्यापुढं असायच्या. पिंजाऱ्याच्या घरातल्या, तोंडाच्या फटकळ. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग लुगड्याकडं बघितलं.

"मनकर्णा ना तू? जांभळी."

"जांभळी म्हणजे?"

"तुझ्या आधीची पिवळी हुती. तिच्या आधी हिरवी, तिच्याबी आधी तांबडी. लई हसायची हिरवी, घागर डोक्यावर घेऊन हसायची. पाच-सा म्हैन्यात बंद झाली हसायची."

"पण पहिली तर तापात गेली."

"पहिली गेली, व्हय. ती खरी मनकर्णा. तुझ्या नवऱ्याचा, कानिफचा, लई जीव तिच्यावर. मी सोता मयतीला गेल्ते." त्यांनी घागर पुढं सरकवली. "मंग ह्या आल्या. नाव त्येच."

"आणि त्या कुठं गेल्या?"

"येताना बघितल्या बग, वाजत गाजत. जाताना न्हाई बघितल्या. बाई दारात दिसायची रोज. एक दिस लुगड्याचा रंग बदलायचा, तवा कळायचं नवी आली."

"तुम्ही कुणी विचारलं नाही?"

"पोरी, दुसऱ्याच्या घरातल्या बाईचं कोन इचारतं? तुझ्या बापानं इचारलं का?"

टँकरचा नळ सुटला आणि त्या पुढं झाल्या. मला त्यांचा राग आला, वडिलांचा आला. सगळ्यात जास्त आला तो स्वतःचा, कारण रिकामी घागर घेऊन उभी राहूनही मी रांगेतला नंबर सोडला नव्हता. घरात पाणी न्यायचंच होतं ना.

४

फळीवरच्या बाईला दुसरा हात यांनी पाडव्याला दिला. मी दारातून बघितलं. बारीक ब्रश, श्वास रोखलेला, जीभ दातांत. असं प्रेमानं हे माझ्याशी कधी बोलले नव्हते. त्या रात्री मला गाढ झोप लागली आणि सकाळी भाकरीचा तवा मी हातानं उतरवला. पोळलं नाही. मनात आलं, आता बसतंय अंगात घर. नंतर लक्षात आलं, असलं वाक्य मला कधी सुचत नाही. ते सासूबाईंचं होतं.

"दोन-चार सालं टिकतो रंग," त्या एकदा भाजी निवडताना म्हणाल्या होत्या. "उन्हानं तडे जातात. मंग कानिफचा जीव ऱ्हात न्हाई. त्याला मनकर्णाच पायजे." पोराच्या खोडीचं कौतुक करावं तशा म्हणाल्या होत्या.

अक्षय्य तृतीयेच्या तीन-चार दिवस आधी माझा भाऊ गोरक्ष मला न्यायला आला. सणाला लेक माहेरी नेतात. सायकलच्या कॅरियरला आईनं दिलेली कुरडयांची पिशवी. मी ओट्यावर उभी होते. तो आला, सायकल लावली, वाकून माझ्या पाया पडला.

गोरक्ष माझ्याहून मोठा आहे.

"वहिनी," तो म्हणाला, "द्वारकाला बोलवता का? मी तिचा भाऊ, राहात्याचा."

मी हसले. चेष्टा करतो असं वाटलं. "अरे, मीच की."

तोही हसला, अनोळखी बाईनं चेष्टा केली की माणूस हसतो तसा. माझ्या खांद्यावरून आत बघायला लागला. "लई झोपाळू हाय ती. आई म्हनली, उठवून आन."

"गोऱ्या," मी म्हटलं. लहानपणी हाक मारायचे तशी. त्याचा चेहरा क्षणभर हलला. मांजर अंधारात काही ऐकतं तसा. मग निवला.

सासूबाई आतून आल्या. "तिला बरं न्हाई. निजलीय. सणाला न्हाई धाडत औंदा."

"मग नुसती बघून जातो."

"जा की म्हनते मी," सासूबाई म्हणाल्या, आणि हे कारखान्यातून बाहेर येऊन शांतपणे त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला फाटकापर्यंत घेऊन गेले. मी त्याच्या मागं धावले. त्याची बाही धरली. त्यानं बाही अलगद सोडवून घेतली, परक्या बाईला लागू नये अशा बेतानं.

कुरडयांची पिशवी मी उघडली. आईनं मला आवडतात म्हणून लाल तिखटाच्या केल्या होत्या. मी एक कच्चीच तोंडात घातली. तिखट लागलं नाही.

"सणाला तिसरा हात देतो," हे रात्री जेवताना सासूबाईंना म्हणाले. "दुसरा चांगला धरलाय. आता काळजी नाही."

माझ्यासमोरच म्हणाले. टेबलासमोर बोलायला माणूस कशाला लाजेल?

५

सणाच्या आदल्या दिवशी हे टेम्पोत काचेची पेटी बांधून नगरला गेले. सासूबाई आठवड्याच्या बाजाराला गेल्या. भर दुपार. रस्त्यावर कुत्रंही नाही. मी फळीवरचं घर उतरवलं आणि कारखान्याच्या टेबलावर ठेवलं.

चुलीत घालावं असं आधी वाटलं. पण मी त्यात होते. जळालं तर काय काय जळेल, कुणाला ठाऊक. नुसतं ओरबाडावं, तर रंगाचे दोन्ही हात पक्के धरले होते. दुसऱ्या हाताआधी मीच तर तिला पॉलिश पेपर मारून दिला होता. फळीवर ड्यूकोचा डबा होता. झाकण ठोकून बसवलेलं. मी पेचकसानं उचकटलं.

ब्रश भरल्यावर मात्र थांबले. मला फक्त माझ्यावरचा रंग उठवायचा होता. ड्यूको मला विचारणार नव्हता. एकच थर खाऊन थांबेल असं नाही, हे म्हणाले होते. जांभळ्याखालून मी निघेन की पिवळी, की हिरवी, की तांबडी, की अगदी तळाची ती, जिच्यापायी हे सगळं? माझं डोकं सांगत होतं, बाई, हे करंगळीएवढं लाकूड आहे, आणि तुला ऊन लागलं आहे. पण भावानं माझ्या पाया पडणं हे लाकूड नव्हतं.

मी बाईला नखशिखांत ड्यूको फासला. ब्रश दाबून, निऱ्यांत घालून. प्रेमाबिमानं नाही.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पदराची कड आक्रसली. जांभळा रंग सायीसारखा गोळा झाला, फुगला, फाटला. खाली पिवळा. तोही हलायला लागला. खाली हिरवा, त्याखाली तांबडा. त्या क्षणी माझ्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधे, कुणी ओला कागद सोलावा तसं झालं. दुखलं. इतक्या महिन्यांत काही दुखलं नव्हतं, म्हणून मी ओरडले नाही. दातावर दात धरून ते दुखणं पुरतं होऊ दिलं. अंगठ्याकडे बघितलं. पांढरी रेघ होती. तिच्यातून रक्ताचा एक थेंब येत होता, ताजा कापल्यासारखा.

स्वयंपाकघरात माठावरचं झाकण वाजलं.

घरात कुणी नव्हतं. कुणीतरी पाणी प्यायला लागलं. घोट, घोट, घोट, मधे श्वास न घेता. मग पेला खाली ठेवल्याचा आवाज, आणि पुन्हा बुडवल्याचा. दुसरं कुणीतरी. मग बांगड्या.

मी कारखान्याच्या दारातून फक्त मधल्या बोळापर्यंत बघितलं. पलीकडं स्वयंपाकघराची चौकट दिसत होती. चौकटीवर हात होते. आतून धरलेले, वेगवेगळ्या उंचीवर. मनगटांवर रंग लोंबत होता, आणि रंगाखाली बोटं होती. नीट वेगवेगळी, नखं असलेली.

चेहरे दिसले नाहीत. मी बघितले नाहीत असं म्हणू. एक मात्र कळलं. त्या माझ्यासाठी थांबल्या नव्हत्या.

६

टेम्पो संध्याकाळच्या आधीच आला. हे ओट्यावर चढले, चपला काढल्या. मी कारखान्याच्या दारात उभी होते, हात ड्यूकोनं बरबटलेले. हे माझ्या जवळून गेले. यांची नजर माझ्यावरून गेली ती कपाटावरून जावी तशी. मी कोण हे यांना कळलं नाही. आता मी जांभळी नव्हते ना.

"मनकर्णा," यांनी आत हाक मारली. "पाणी आण गं."

"आणते," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. एका गळ्यातून आलं नव्हतं.

हे हसले. दमून घरी आलेला माणूस हसतो तसे. बोळातून आत गेले. मी यांच्या मागं जाऊन स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि कडीकडे हात नेला. तेवढ्यात आतून अडसर सरकला.

मी ओट्याच्या पायरीवर उभी राहिले.  आतून यांचा आवाज आला, हळू, नेहमीसारखा समजावणीचा. "असं काय करता. वाट द्या." मग बांगड्यांचा आवाज. लग्नात नव्या जोडप्याला दारात अडवून नाव घ्यायला लावतात. तिथं बायका हसतात. इथं कुणी हसत नव्हतं.

"कडूबाई," हे म्हणाले.

बांगड्या थांबल्या.

"रंगू." आवाज जरा चिरकला. "रंगुबाई."

  यांनी घसा खाकरला. "तू... थांब. मला माहीत आहे. तुझं माहेर वैजापूर. तुझा बाप... थांब, सांगतो." काहीतरी जमिनीवर घासल्याचा आवाज झाला, पॉलिश पेपरासारखा. सावकाश, एकाच दिशेनं.

फाटक वाजलं. सासूबाई बाजाराची पिशवी घेऊन आल्या आणि पायरीशी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला ओळखलं; पहिल्यांदा बघायला आल्या होत्या तेव्हा जशी होते तशी. त्यांच्या हातातली पिशवी खाली गेली. आत हे अजून वैजापूरच्या तिचं नाव आठवत होते. घासल्याचा आवाज वाढला होता.

"मधलीचं," सासूबाई कुजबुजल्या. त्यांनी माझा दंड धरला. "काय गं नाव हुतं तिचं?"

"तुम्हाला माहीत नाही?"

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्याची दया आली नाही.

आत यांचा आवाज आता मोठा झाला होता. मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "द्वारका," हे ओरडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. "द्वारका. द्वारका आहे तुझं नाव."

म्हणजे ते यांच्या लक्षात होतं. सगळा वेळ होतं.

पण ते नाव तिथं आत कुणाचंच नव्हतं. मी सासूबाईंचा हात दंडावरून काढला आणि पायरी उतरले.